पडदा, भाग एक

मी लोकांना एकत्र काम करायला शिकवते. हसा, माझी सासूही हसते. "ह्यालाही नोकरी म्हणतात होय? मग मी चाळीस वर्षं काय केलं ह्या घरात?" असं ती म्हणते, आणि तिचं काही चुकत नाही. अजाइल नावाची पद्धत आहे. वर्षभराचे बेत आखून तोंडावर पडण्यापेक्षा दोन आठवड्यांपुरतंच काम हाती घ्यायचं, भिंतीवरच्या बोर्डवर त्याच्या चिठ्ठ्या लावायच्या, रोज सकाळी बोर्डपुढे उभ्याउभ्या पंधरा मिनिटं बोलायचं, आणि दोन आठवडे संपले की काय जमलं, काय फसलं ते एकत्र बसून बघायचं. एवढंच. पण एवढंच शिकवताना माझ्यासमोर एकाचा दात पडलाय, एकाचा जबडा मोडलाय आणि एकाचा उजवा हात मनगटापासून गेलाय. हात गेला तो माझा दीर. माझ्यामुळे गेला. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणाला वाटायला नको की बाई लपवाछपवी करतेय. लपवाछपवी मी केली, पण ती दोनच दिवस.

कारखाना पत्र्याचे भाग ठोकून काढणारा. खाली प्रेस शॉप, तिथे दिवसभर लोखंडावर लोखंड आदळतं आणि जमीन हलते. दोन जिने चढून वर गेलं की त्या प्रेसचे प्रोग्राम लिहिणाऱ्यांची खोली; तिथे ग्लासातलं पाणीसुद्धा दर ठोक्याला थरथरतं. खालचे वरच्यांना 'उंदीरवाले' म्हणायचे, कारण हातात सदा माऊस. वरचे खालच्यांना 'हातोडे' म्हणायचे. खालचा फोरमन म्हणजे माझा नवरा. आमचं लग्न असल्याच एका कारखान्यात भांडता भांडता जमलं, त्यामुळे अहो-जाहो कधी तोंडात बसलंच नाही. बावीस वर्षं झाली. आवाज दोघांचेही चढे, हात मात्र कोणी कोणावर उचलला नव्हता.

"ह्या दोन टोळ्यांना एकत्र आणा," असं मोठ्या साहेबांनी मला सांगितलं. आणलं एकत्र. तिसऱ्याच दिवशी, सकाळच्या उभ्या बैठकीत, खालचा इलेक्ट्रिशियन वरच्या एकाला म्हणाला, "झालं का, झालं का, हे विचारायला मी रोज दोन जिने चढतो, आणि तुम्ही खुर्चीतून हलत नाही."

"तुला चढण्यापलीकडे येतं काय?" वरचा म्हणाला. उचलली जीभ लावली टाळ्याला. इलेक्ट्रिशियनने त्याची मान धरली आणि तोंड बोर्डवर आपटलं, दोनदा. चिठ्ठ्या गळून पडल्या, त्यांच्यात एक दात. कोणीतरी खुर्ची फेकली, ती नेमकी तिसऱ्याच्याच खांद्यावर बसली. मी मध्ये घुसले, एकाची कॉलर धरली आणि दुसऱ्याच्या पोटात कोपर मारलं. असं करा म्हणून आमच्या पुस्तकात कुठे लिहिलेलं नाही. दात मीच जमिनीवरून उचलून रुमालात बांधून दिला.

त्यावर मी तोडगा काढला, आणि मला त्याचा फार अभिमान होता. वरच्यासारखाच एक बोर्ड खाली प्रेस शॉपच्या भिंतीवर लावला. दर शुक्रवारी ज्याने त्याने आपापली चिठ्ठी स्वतःच्या हाताने लिहून त्यावर लावायची. प्रत्येक चिठ्ठीवर ते काम करणाऱ्याचा लहानसा फोटो, म्हणजे दोन्हीकडच्यांना एकमेकांची तोंडं तरी कळतील. आणि नियम एकच. बोर्डवर 'झालं' म्हणजे झालं. मग जिने चढून विचारायला जायचं नाही, शंका काढायची नाही, विश्वास ठेवायचा. दोन महिन्यांत मारामाऱ्या थांबल्या. इलेक्ट्रिशियन आणि तो दात पडलेला एका टेबलावर डबा खायला लागले. नवरा घरी म्हणाला, "तुझ्या चिठ्ठ्यांनी शांतता झाली बाई." त्याच्या तोंडून एवढं कौतुक म्हणजे अतीच झालं.

मग पडद्याचं काम आलं. तीन नंबरच्या प्रेसला दोन बटणं होती, दोन्ही हातांनी एकदम दाबायची. दोन्ही हात बटणांवर, म्हणजे हात प्रेसखाली असूच शकत नाही. सुरक्षित, पण संथ, आणि साहेबांना वेग हवा होता. म्हणून प्रेसच्या तोंडापुढे न दिसणाऱ्या किरणांचा पडदा बसवायचा ठरला. त्या किरणांत बोट जरी गेलं तरी प्रेस जागच्या जागी थांबायला हवी. तसं झालं की बटणं काढायची आणि कामगाराने हाताने पत्रा सरकवत राहायचं. पडद्याचा प्रोग्राम चष्मेवाला लिहीत होता. चौतिशीचा, अंगाने भरलेला, बोलायच्या आधी चष्मा वर ढकलायचा. भांडणात कधी नसायचा. मला ताई म्हणायचा.

त्या शुक्रवारी चार वाजता मोठे साहेब पाहुण्यांना घेऊन आमचा बोर्ड बघायला येणार होते. चौदा चिठ्ठ्यांपैकी तेरा 'झालं'च्या रकान्यात गेल्या होत्या. उरली एक, 'पडदा'. आमच्या लोकांनी तोवर एकदाही सगळ्या चिठ्ठ्या पुऱ्या केल्या नव्हत्या.

"प्रोग्राम लिहून झालाय ना?" मी चष्मेवाल्याला विचारलं.

"लिहून झालाय, ताई. टेबलावर चालतो. पण प्रेसवर लावून बघितलेला नाही. तीन नंबर रिकामी मिळालीच नाही."

"मग भाग पाडू."

भाग पाडणं हे आमच्या धंद्यातलं पुण्यकर्म आहे. मोठं काम दिसलं की तोडा, लहान करा, जेवढं झालं तेवढं पुढे सरकवा. शेकडो लोकांना मी हे शिकवलंय. जुनी चिठ्ठी फाडली आणि दोन नव्या लिहिल्या. एक, 'पडदा, भाग एक'. दुसरी, 'पडदा, भाग दोन: प्रेसवर तपासणी'.

"खालच्या बोर्डवर नका लावू," चष्मेवाला म्हणाला. "त्यांना भाग एक म्हणजे काय ते कसं कळणार?"

"दोन्ही बोर्ड सारखे हवेत. नाहीतर नियम कशाला केला?"

त्याने चष्मा वर ढकलला आणि आपल्या टेबलाकडे वळला. मी भाग एकवर त्याचा फोटो चिकटवला, 'झालं'मध्ये लावला, खाली जाऊन तिथेही लावला. भाग दोन पुढच्या कामांच्या पेटीत टाकला. त्या पेटीत खालचं कोणी डोकावत नसे. चार वाजता साहेबांनी टाळ्या वाजवल्या. मला एकदा तरी बोर्ड पूर्ण झालेला बघायचा होता, एवढंच कारण. ह्याहून बरं काही कारण सापडतं का म्हणून मी नंतर फार शोधलं. सापडलं नाही.

सोमवारी सकाळी इलेक्ट्रिशियनने खालचा बोर्ड बघितला. 'पडदा' हा शब्द 'झालं'मध्ये दिसला. त्याने तीन नंबरची बटणं काढली आणि प्रेस पडद्याच्या भरवशावर चालू केली. एकदा काठी घालून बघायला काय झालं होतं, असं मागाहून सगळे म्हणाले. बैल गेला अन् झोपा केला. पूर्वी तो काठी घालून बघायचाच. शंका काढायची नाही हे त्याला मीच शिकवलं होतं.

तीन नंबरवर माझा दीर. मी लग्न होऊन आले तेव्हा तो सात वर्षांचा होता. आई होती त्याला, पण समोर बसवून अक्षर गिरवून घेतलं ते मी. 'क'ला पोट काढत नाही म्हणून त्याच्या बोटांवर पट्टी मारलीय मी, त्याच हाताच्या.

दहा वाजून वीस मिनिटांनी वर ग्लासातलं पाणी थरथरायचं थांबलं. आधी ठोके थांबले, मग किंकाळी आली. मी जिने कशी उतरले ते आठवत नाही. दीर उभा होता. पडलासुद्धा नव्हता, कारण प्रेसने त्याला धरून ठेवलं होतं. वरचा साचा खालच्या साच्यावर पूर्ण बसला होता आणि त्याचा हात मनगटापाशी त्या फटीत संपत होता. तोंड पांढरंफटक. नवऱ्याने प्रेसच्या चाकात पहार घातली होती आणि तो आणि तिघे जण मिळून ते चाक हाताने उलटं फिरवत होते, एकेक इंच.

"धाकट्या, माझ्याकडे बघ. खाली बघू नकोस. माझ्याकडे," नवरा म्हणत होता.

साचा वर आला. खालून जे निघालं त्याला हात म्हणता येत नव्हतं. रक्त आधी आलंच नाही, मग एकदम आलं, नवऱ्याच्या छातीवर, माझ्या हातांवर, पत्र्याच्या गठ्ठ्यावर. नवऱ्याने कमरेचा पट्टा काढून भावाच्या दंडाला आवळला आणि त्याला उचलून गाडीपर्यंत पळत गेला. मी जमिनीवर बसले होते. समोर भिंतीवर माझा बोर्ड होता, आणि त्यावर 'पडदा, भाग एक'. शेजारी चष्मेवाल्याचा हसरा फोटो.

मंगळवारी सकाळी मोठ्या साहेबांनी मला बोलावलं. "काय फसलं ते बघायची बैठक घ्या. तुमच्या पद्धतीने," ते म्हणाले.

आमच्या पद्धतीत अशा बैठकीचा एक नियम असतो. कोणाचं नाव घ्यायचं नाही. काय घडलं ते विचारायचं, कोणी केलं ते नाही. नियम चांगला आहे. माणसाला भीती नसली की तो खरं बोलतो. पण त्या दिवशी मी तो नियम छत्रीसारखा डोक्यावर धरला. इलेक्ट्रिशियन रडत होता. "मी बटणं काढली, हे मीच सांगतो," तो म्हणाला. "मला फक्त एवढं सांगा, तपासलं नव्हतं तर ती चिठ्ठी तिथे लावली कोणी?"

"नाव घ्यायचं नाही," मी म्हणाले. "पुढचा मुद्दा."

चष्मेवाल्याने माझ्याकडे पाहिलं. मी पेन घेऊन फळ्याकडे वळले. झाकली मूठ सव्वा लाखाची. तो बिचारा तिथेच सगळं सांगू शकला असता, पण त्याने नियम पाळला. मी मात्र नियमाआड लपले.

दुपारी हॉस्पिटलात गेले. जाऊ उशाशी बसून होती, डोळे सुजलेले. दिराने डाव्या हाताने माझा हात धरला. "वहिनी, मी घाई केली नाही," तो म्हणाला. "बोर्डवर झालं लिहिलं होतं. मी वाचूनच कामाला लागलो." त्याला वाटत होतं की मी त्याला रागावणार. मी म्हटलं, "बोलू नकोस, झोप." ते तेव्हाच सांगायला हवं होतं. जीभच उचलली नाही. एरवी गावाला पुरेल एवढी चालते.

संध्याकाळी घरी नवरा उभाच होता. सासू टेबलाशी बसली होती, समोरचं ताट तसंच.

"चिठ्ठी कोणी हलवली?" त्याने विचारलं.

"आमच्याकडे असं कोणाचं नाव घेत नाहीत."

"तुमच्याकडे," तो म्हणाला. "तुमच्याकडे चिठ्ठ्या आहेत. आमच्याकडे हात गेलाय." आणि त्याने कपाटाच्या दारावर मूठ मारली. लाकूड आरपार फुटलं. मूठ बाहेर काढली तेव्हा बोटांत कपच्या घुसलेल्या. "माझी आठ माणसं मला दिवसभर विचारतायत. फोटो तर दिसतोच आहे चिठ्ठीवर. मी काय सांगू त्यांना?"

"त्याचा दोष नाही," मी म्हणाले.

"मग कोणाचा?"

सासू माझ्याकडे बघत होती. मी त्याच्या बोटांतल्या कपच्या चिमट्याने काढायला बसले. तोही बसू देत होता. तेव्हा मला वाटलं, राग निघून गेला कपाटावर, आता निवळेल. बावीस वर्षं संसार करून मला नवरा एवढाच कळला होता.

बुधवारी, जेवणाच्या सुट्टीत, मी वर एकटी होते. तीन नंबरला सील लागलेलं. सुट्टीत सगळ्या प्रेस बंद असतात. पण ग्लासातलं पाणी थरथरायला लागलं. कोणीतरी खाली प्रेस रिकामीच चालवत होतं, ठोक्यामागून ठोका, आणि असं करायचं एकच कारण असतं, दुसरा आवाज बाहेर जाऊ नये. चष्मेवाल्याची खुर्ची रिकामी होती. टेबलावर त्याचा डबा उघडाच. अर्ध्या तासापूर्वी तो मला म्हणाला होता, "ताई, मी खाली जाऊन येतो. पडदा का चालला नाही ते मला बघायलाच हवं." मी मान हलवली होती. मी जिन्याकडे धावले.

खालचं शटर ओढलेलं. बाजूच्या लहान दाराने घुसले. आठ जण गोल करून उभे होते. मध्ये चष्मेवाला. चष्मा तुटून जमिनीवर पडलेला, एका डोळ्याची नुसती फट उरलेली, तोंडातून लाळ आणि रक्त एकत्र गळत होतं. जबडा एका बाजूला सरकला होता. एकाने मागून केस धरले होते. नवऱ्याने पहार आडवी फिरवली आणि त्याच्या गुडघ्यावर मारली. हाड मोडल्याचा आवाज प्रेसच्या ठोक्यातही ऐकू आला. तो कोसळला, तर दोघांनी त्याला बगलेत धरून उभं केलं.

"चार नंबरवर घ्या," नवरा म्हणाला.

चार नंबर जुनी आहे. पायाने पेडल दाबलं की एक ठोका. पुढे जाळी असते, ती काढून ठेवलेली होती. त्यांनी त्याला ओढत नेलं, साच्यापुढे पालथा दाबला, आणि दोघांनी मिळून त्याचा उजवा हात साच्यावर पसरवून धरला. बोटं वळवून घेत होता तो, तर एकाने हातोडीच्या दांड्याने बोटांवर मारून ती सरळ केली. तो तुटक्या जबड्याने काहीतरी सांगत होता. कोणी ऐकत नव्हतं. नवऱ्याने पहार टाकली आणि पाय पेडलजवळ नेला.

मी त्या आठ जणांतून वाट काढत त्याच्यापर्यंत गेले आणि त्याच्या कानाशी तोंड नेलं. "ती चिठ्ठी मी फाडली. भाग मी पाडले. हा नको म्हणत होता."

त्याने माझ्याकडे मान वळवली नाही. "माहीत आहे," तो म्हणाला, फक्त मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. "तुझं अक्षर मी ओळखत नाही होय? सोमवारीच ओळखलं."

मला वाटलं मी चुकून काही दुसरंच ऐकलं.

"मग ह्याला कशाला?"

"ह्यांना कोणीतरी हवंय. तू असता कामा नयेस, एवढंच." आवाज अगदी घरातला, दार लावून घे म्हणावं तसा. "घरी जा. मी निस्तरतो."

सांगते ते खरं सांगते, एक क्षण मी हलले नाही. एक पूर्ण क्षण. मागे लहान दार उघडं होतं. मी गेले असते तर माझं घर वाचलं असतं, माझी नोकरीही, आणि दिराला उरलेलं आयुष्य ह्या चष्मेवाल्याच्या नावाने बोटं मोडता आली असती. वड्याचं तेल वांग्यावर, आणि वांगं तिथे साच्यावर हात पसरून पडलं होतं. त्याने सुजल्या डोळ्याने मला पाहिलं. तोंड हललं. ताई म्हणत होता.

मी वळले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडले. "ह्याने काही केलं नाही. चिठ्ठी मी लावली. तपासलेलं नाही हे ह्याने मला सांगितलं होतं, तरी मी लावली. आणि हे तुमच्या फोरमनला सोमवारपासून माहीत आहे."

रिकामी प्रेस चालवणाऱ्याने ती बंद केली. इतकी शांतता मी त्या शॉपमध्ये कधी ऐकली नव्हती. हात धरणाऱ्यांतला एक म्हातारा वेल्डर होता. त्याने आधी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या नवऱ्याकडे. "खरं का?" त्याने विचारलं. नवऱ्याने मान खाली घातली. वेल्डरने हात सोडला. दुसऱ्यानेही सोडला. चष्मेवाल्याने हात मागे ओढला, आणि त्याच वेळी नवऱ्याचा पाय पेडलवर पडला. साचा रिकाम्या साच्यावर आदळला. मुद्दाम दाबलं की दचकून दाबलं गेलं, मला माहीत नाही. मी कितीदा तरी तो पाय पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर आणलाय.

मग त्याने मला मारलं. उलट्या हाताने, तोंडावर. ओठ फाटला आणि मी पत्र्याच्या गठ्ठ्यावर पडले, कोपर कापलं. "तुला वाचवत होतो मी," तो म्हणाला. "तुला." मी उठले, कोणाचं तरी हेल्मेट हाताला लागलं, ते सगळ्या ताकदीने त्याच्या कानशिलावर मारलं. तो एका गुडघ्यावर बसला. मी पुन्हा मारलं. कोणी आम्हाला सोडवायला आलं नाही. तिसऱ्यांदा उचललं तेव्हा माझा हातच खाली आला, आपोआप. त्याच्या कानातून रक्त येत होतं आणि तो रडत होता. मीही रडत होते. राग गेला नव्हता, कोणाचाच.

"गाडी कोण काढतं?" मी विचारलं. आठ जणांतला एकही हलला नाही. सगळे जमिनीकडे बघत होते. शेवटी नवराच उठला आणि गाडी त्यानेच चालवली. मागच्या सीटवर चष्मेवाल्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं, प्रत्येक खड्ड्याला तो विव्हळत होता, आणि नवरा प्रत्येक खड्डा चुकवायला बघत होता. ह्या गोष्टीचं काय करायचं ते मला आजही कळत नाही.

हॉस्पिटल तेच. वरच्या मजल्यावर दीर, खाली चष्मेवाला. जबडा, गुडघा, तीन बरगड्या, चार बोटं. डोळा वाचेल की नाही ते सांगता येत नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. तासाभरात मोठे साहेब आले. मला बाजूला घेऊन म्हणाले, "तेलावरून पाय घसरला, मशीनवर पडला. एवढंच लिहून देऊ. आणि तुम्हीच तर आम्हाला शिकवलंत, नाव घ्यायचं नाही."  मारायला हाताशी पट्टी नव्हती.

मग सासू वरून जिना उतरून आली. तिने माझा फाटलेला ओठ पाहिला, बाकावर बसलेल्या लेकाचं डोकं पाहिलं. तिला कोणी काय सांगितलं होतं कोण जाणे, पण तिला सगळं माहीत होतं.

"एकाचा हात गेला," ती म्हणाली. "आता दुसऱ्याला तुरुंगात घालणार तू?"

"हो, आई."

"तुझ्या चुकीपायी?"

"चूक माझी. पहार त्याची."

 माझ्या अंगावर थुंकली असती तरी मला बरं वाटलं असतं. तिने कठडा धरला आणि एकेक पायरी चढत परत वर गेली.

पोलीस अधिकारी आला तेव्हा त्याला एक लहान खोली दिली, टेबल आणि तीन खुर्च्या. दार उघडंच होतं. बाहेर बाकावर नवरा. चष्मेवाल्याला बोलता येत नव्हतं, म्हणून मला बोलावलं.

"ह्याला कोणी मारलं?" अधिकाऱ्याने विचारलं.

मी आधी माझं नाव सांगितलं. शुक्रवारपासून सुरुवात केली, चौदा चिठ्ठ्या, भाग एक, भाग दोन. त्याने पेन खाली ठेवलं. "बाई, कारखान्यातला अपघात हे वेगळं प्रकरण. मी विचारतोय, ह्या माणसाला कोणी मारलं?"

"तेच सांगतेय. ते वेगळं नाही. लिहून घ्या."

त्याने लिहून घेतलं. सोमवार लिहिला, मंगळवारची माझी बैठक लिहिली. मग बुधवार आला. मी आठ जणांची नावं सांगितली, शटर ओढलेलं सांगितलं, पहार सांगितली, पेडल सांगितलं. पहार कोणाच्या हातात होती, त्याने विचारलं. मी नवऱ्याचं नाव सांगितलं, त्याच्या वडिलांच्या नावासकट, आणि पुढे आडनाव, जे माझंही आहे.

बाहेर बाक करकरलं. नवरा आत आला आणि माझ्या शेजारच्या खुर्चीत बसला. कानाला बांधलेला कापूस लाल झाला होता.

"बरोबर सांगतेय ती," तो अधिकाऱ्याला म्हणाला. "लिहा."

माझ्याकडे त्याने पाहिलं नाही. त्यानंतर आजवर पाहिलेलं नाही.